आधी वागणं सुधारा, मग अभ्यासाचं बघू?

सिंहगड रस्ता परिसरातल्या एका आईचं मोठं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलून ते थोडक्यात देते.

त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत चौथीत आहे. दुसरीपासून तक्रारी सुरू आहेत. जागेवर बसत नाही, वह्या अपुऱ्या राहतात, चिडला की हातात असेल ते फेकतो. गेल्या महिन्यात त्यानं शेजारच्या मुलाच्या हातावर पेन्सिल टोचली, रक्त आलं. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव न घेता बरंच काही लिहून आलं. शाळेनं बोलावून सांगितलं, "आधी वागणं सुधारा, मग अभ्यासाचं बघू. मानसतज्ज्ञांचा रिपोर्ट आणा, नाहीतर दुसरी शाळा बघा." वडील हिंजवडीला आयटी कंपनीत आहेत. रिपोर्ट म्हणजे कायमचा शिक्का, त्यापेक्षा पाचवीपासून पाचगणीच्या बाजूला निवासी शाळेत घालू, शिस्त लागेल, असं त्यांचं म्हणणं. सासूबाईंच्या मते पोरगं लाडानं बिघडलंय. आई पतसंस्थेत नोकरी करतात. रोज संध्याकाळी अभ्यासावरून घरात रणकंदन होतं. परवा त्यांनी मुलाला लाटण्यानं मारलं, हातावर वळ उठला. रात्री झोपताना तो म्हणाला, "आई, मी मठ्ठ आहे का?" घरात पाच वर्षांची धाकटी मुलगीही आहे. त्या विचारतात : तपासणी करावी का? हॉस्टेलला पाठवावं का? की मी नोकरी सोडून त्याच्याकडे बघू?

ताई,

तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन टाकते. तपासणी करून घ्या. हॉस्टेलला आत्ता पाठवू नका. नोकरी सोडू नका. आता कारणं सविस्तर सांगते, कारण घरात ही उत्तरं बहुधा तुम्हाला एकटीलाच मांडावी लागणार आहेत.

शाळेचं ते वाक्य तुमच्या घरात सगळ्यांनी जसंच्या तसं धरून ठेवलंय. जणू वागणं आणि अभ्यास या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एक मिटली की दुसरी हातात घ्यायची. पण तुमचं पत्र वेगळंच सांगतंय. तुम्ही चार प्रसंग लिहिलेत. पेन्सिल टोचली तो मराठीचा तास होता. बाई फळा पुसायला उठल्या होत्या, याची दुसरी ओळही झाली नव्हती आणि शेजारचा म्हणाला, "तुझं अजून तेवढंच?" कंपासपेटी भिरकावली ती डिक्टेशनच्या वह्या परत मिळाल्यावर. वर्गातून पळून पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसला, तेव्हा फळ्यावरची उदाहरणं वहीत उतरवून घ्यायची होती. आणि घरातला परवाचा प्रसंग "ही पाच वाक्यं खोडून पुन्हा लिही" यावरून झाला. पी.टी.चा तास, चित्रकला, मधली सुट्टी यातली एकही तक्रार पत्रात नाही. उलट कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात वर्गाची सहल गेली तेव्हा त्यानं सगळ्यांना सापांची माहिती सांगितली आणि बाईंनी फोन करून कौतुक केलं, असं तुम्ही जाता जाता कंसात लिहिलंय. मला ते कंसातलं वाक्य पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

चारही प्रसंग लिहिण्यापाशी येऊन थांबतात. मूल नुसतं उनाड असतं तर मधल्या सुट्टीत जास्त तक्रारी आल्या असत्या, तिथे लक्ष ठेवणारंही कमी असतं. म्हणून माझा आग्रह आहे की क्रम उलटा करा. लिहिताना याचं नेमकं काय अडतं ते आधी शोधा. वागण्याचा बराचसा भाग त्याच्यामागून सुधारेल. सगळा नाही, पण बराचसा.

फळ्यावरून उतरवून घेणं आपल्याला साधं काम वाटतं. त्याच्या बाकावर बसून ते कसं होत असेल ते बघा. मान वर करून शब्द वाचायचा, डोक्यात धरून मान खाली घालायची, वहीत आपली जागा शोधायची, अक्षराचा आकार आठवायचा, तो रेघेवर बसवायचा, मग पुन्हा मान वर करून फळ्यावर मघाची जागा हुडकायची. 'प्रार्थना' हा एकच शब्द घ्या. प, त्याच्या पोटात तिरकी रेघ, काना, थ, थच्या डोक्यावर रफार, मग ना. रफाराचा र आपण थच्या आधी उच्चारतो आणि लिहितो मात्र थ काढून झाल्यावर. ज्या मुलाला हे आकार आपोआप आठवत नाहीत, त्याला या एका शब्दासाठी चार-पाच वेळा मान वर करावी लागते. तोवर वर्ग पुढच्या ओळीवर गेलेला असतो. तो पेन्सिल आवळून धरतो, दाबून लिहितो, कागद फाटतो, अंगठा दुखायला लागतो. आजूबाजूची मुलं पटापट वह्या मिटतात. दर तासाला हेच, आणि तेही दुसरीपासून. अशा मुलाला सुटकेचा एक मार्ग सापडतो. काहीतरी फेकलं, कुणाला मारलं की वर्गाबाहेर उभं करतात, आणि बाहेर लिहावं लागत नाही. शाळा ज्याला शिक्षा समजते, त्यानं त्याची तेवढ्यापुरती सुटकाच होते, म्हणून ते वागणं टिकून राहतं. हे तो ठरवून करतो असं समजू नका. त्याला स्वतःलाही ते कळत नसेल.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणार नाही. ही विशिष्ट अध्ययन अक्षमता असू शकते, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं, लिहिणं किंवा गणित यातच अडणं. एडीएचडी असू शकतो, म्हणजे लक्ष टिकवणं आणि आवेग आवरणं वयाच्या मानानं फार अवघड जाणं. दोन्ही एकाच मुलात असणंही नेहमीचं आहे. चष्म्याचा नंबर असू शकतो, ऐकण्यात दोष असू शकतो. सासूबाई विचारतात, "आजोबांचा जुना मिक्सर खोलून तासभर बसतो, डब्याच्या झाकणात स्क्रू ओळीनं मांडून ठेवतो, मग वर्गातच काय होतं?" प्रश्न रास्त आहे. एडीएचडीत लक्ष नसतंच असं नाही. ते हवं तिथे, हवं तेव्हा वळवणं जमत नाही. आवडीच्या कामात, ज्याचं फळ हाताला लगेच लागतं अशा कामात ही मुलं गुंगून जातात. तेव्हा मिक्सरवरून काहीच सिद्ध होत नाही, ना इकडे ना तिकडे. पण त्याच्या हातात काय आहे ते मात्र त्यातून दिसतं, आणि ते तज्ज्ञांना आवर्जून सांगा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण पत्रात आहे. बाबा हिंजवडीहून साडेनऊला पोचतात, मग जेवणं, मग बापलेकांचा दंगा, झोपायला साडेअकरा. स्कूलबस पावणेसातला, म्हणजे उठणं सहाला. झोप झाली साडेसहा तास. या वयाच्या मुलाला नऊ ते बारा तास लागतात. झोप अपुरी पडली की मुलं आपल्यासारखी पेंगत नाहीत, बऱ्याचदा ती जास्त चळवळी आणि चिडकी होतात. तपासणीच्या तारखेची वाट न बघता हे आजपासून बदला. नऊच्या आत दिवा बंद. बाबांची आणि त्याची भेट रात्रीऐवजी सकाळी होऊ दे, बसस्टॉपपर्यंत सोडायला बाबांनीच जावं. ती दहा-पंधरा मिनिटं त्यांना दोघांनाही पुरतील, आणि अभ्यास सोडून बोलायला बापलेकांना एक जागा मिळेल.

आता तपासणी. आधी डोळे आणि कान. मग मुलांच्या विकासाचं काम करणारे बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. बुद्ध्यांक चाचणी आणि वाचन-लेखन-गणिताची चाचणी, दोन्ही लागतात. त्या एका बैठकीत उरकत नाहीत. कुणी तासाभरात रिपोर्ट हातात देत असेल तर सावध व्हा. एडीएचडी रक्ताच्या चाचणीत किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून आहेत का, सहा महिन्यांहून जास्त टिकली आहेत का, घर आणि शाळा अशा निदान दोन ठिकाणी दिसतात का, हे तुमच्याशी बोलून आणि शिक्षकांकडून प्रश्नावली भरून घेऊन ठरवतात. म्हणून वर्गशिक्षिकेची मदत लागणारच. पुण्यात रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचं टीडीएच पुनर्वसन केंद्र आहे, सदाशिव पेठेत ज्ञान प्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका आहे, सरकारी रुग्णालयात जायचं तर ससून आहे. कुठे कोणती चाचणी होते आणि नंबर कधी लागेल, हे फोन करून विचारा. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणाऱ्या पॅकेजांमध्ये मात्र एक रुपयाही घालू नका. त्याला शास्त्रीय आधार नाही, आणि तुमच्यासारख्या हवालदिल पालकांना ती पटकन विकली जातात.

यजमानांची शिक्क्याची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्याकडे मुलाला नाव चिकटलं की सुटता सुटत नाही, हे खरं आहे. पण नावं आत्ताच चिकटली आहेत ना? ग्रुपवर 'तो मुलगा', शाळेत 'त्रासदायक', घरात 'लाडावलेला', आणि त्याच्या स्वतःच्या तोंडी 'मठ्ठ'. ही सगळी कुणीही काहीही न तपासता दिलेली आहेत. खासगी तज्ज्ञांचा रिपोर्ट तुमच्या कपाटात राहतो. त्यातलं शाळेला किती द्यायचं, हे तुम्ही ठरवायचं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर निदानाचा रकाना नसतो. 'वर्तणूक' हा रकाना मात्र असतो, आणि आजच्या घडीला तुमच्या मुलाच्या दाखल्यावर तोच जास्त धोक्यात आहे. हे यजमानांना जरूर सांगा.

सरकारी प्रमाणपत्र ही नंतरची, वेगळी पायरी आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार दिले आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता त्यात आहेत, एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. नुसता एडीएचडी निघाला तर या प्रमाणपत्रामागे धावू नका, त्याचं काम उपचारांनी आणि वर्गातल्या बदलांनी होतं. अध्ययन अक्षमता निघाली तर प्रमाणपत्राचा पुढे खूप उपयोग आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सोयी सरकारनं करून द्याव्यात, असं हा कायदाच म्हणतो, आणि दहावीच्या बोर्डातही त्या मिळतात. आठ वर्षांच्या आधी अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र देत नाहीत. तुमचा मुलगा नऊचा आहे, म्हणजे तपासणीचं हेच वय.

निवासी शाळेच्या विचारात एक गोष्ट बरोबर आहे. ठरलेल्या वेळा आणि ठरलेला दिनक्रम यांनी अशी मुलं खरोखर शांत होतात. पण तिथेही फळा आहे, वही आहे, डिक्टेशन आहे. लिहिण्यातली अडचण त्याच्या ट्रंकेतून त्याच्याबरोबरच जाईल. त्यातून ती कशामुळे आहे हे तिथल्या कुणालाच ठाऊक नसेल, कारण तुम्हालाच अजून ठाऊक नाही. इथे निदान रात्री झोपताना "मी मठ्ठ आहे का" असं विचारायला त्याच्याजवळ माणूस आहे. चाळीस मुलांच्या हॉलमध्ये तो हे कुणाला विचारेल? आणि नऊ वर्षांचं मूल यातून काय समजेल, याचाही विचार करा : धाकटी घरी राहिली, मला पाठवलं, कारण मी वाईट वागलो. चार-पाच वर्षांनी, काय अडतं ते कळलेलं असताना, तो स्वतः म्हणाला तर हा विषय पुन्हा काढा. आत्ता यजमानांना हवी असलेली शिस्त घरात आणता येईल. भिंतीवर संध्याकाळचा तक्ता लावा, शब्दांपेक्षा चित्रं जास्त. खेळ, आंघोळ, जेवण, अभ्यास, गोष्ट, झोप. रोज त्याच क्रमानं. तक्ता त्याच्याकडूनच काढून घ्या, तो चित्रं चांगली काढतो असं तुम्हीच लिहिलंय.

अभ्यासाचं असं करा. साडेसातला तुम्ही कामावरून आलेल्या असता, एकीकडे कणीक मळत असता, त्याला भूक लागलेली असते, आणि नेमका तेव्हाच अभ्यास सुरू होतो. ही वेळच बदला. आधी खाणं, मग अभ्यास, तोही दहा-दहा मिनिटांचे दोन तुकडे करून. प्रश्नोत्तरं त्यानं तोंडी सांगायची, तुम्ही लिहायची. हो, तुमच्या अक्षरात. त्याला उत्तर येतं का आणि त्याला लिहिता येतं का, या दोन गोष्टी वेगळ्या झाल्याशिवाय कुणालाच काही कळणार नाही. लिहिण्याचा सराव वेगळा घ्या. थोडाच, रुंद रेघांच्या वहीत, तीन-चार ओळी, आणि तिथे शुद्धलेखन तपासू नका. "खोडून पुन्हा लिही" हे वाक्य काही महिने तरी घरातून हद्दपार करा. तोंडी उत्तरं ऐकायचं काम सासूबाईंना द्या. नातू बिघडलाय असं त्या म्हणतात, कारण त्यांना दिसतं ते फक्त भांडण. सापांबद्दल बोलताना तो त्यांना दिसू दे. त्यांची समजूत पटवायचा मला याहून चांगला उपाय माहीत नाही.

एक साधी वही करा आणि पंधरा दिवस नोंदी ठेवा. किती वाजता, आधी नेमकं काय चाललं होतं, त्यानं काय केलं, त्यानंतर मोठ्यांनी काय केलं. इतकंच, मतं लिहायची नाहीत. "उगाच चिडला" असं कुठेही लिहू नका, त्याऐवजी "टीव्ही न सांगता बंद केला" असं लिहा. तज्ज्ञांना ही वही तुमच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल, आणि काही ठिकाणी उपाय तुम्हालाच दिसेल. टीव्ही बंद करायच्या पाच मिनिटं आधी सांगणं, हा त्यातलाच एक.

लाटण्याबद्दल. तुम्ही ते लपवलं नाहीत, म्हणून मीही स्पष्ट लिहिते. मार थांबला पाहिजे, आजपासून. मारानं लिहिणं येत नाही. चिडलं की हात उचलायचा, एवढंच त्यातून शिकवलं जातं, आणि नेमकं तेच त्यानं शाळेत करू नये म्हणून आपण झटतोय. त्याला सांगा, "मी मारलं ते चुकलं, पुन्हा मारणार नाही." पुढे 'पण' लावू नका. हात उचलायची वेळ येईल असं वाटलं की सासूबाईंना हाक मारा आणि तुम्ही गॅलरीत जा. तो बेभान झालेला असताना समजावू नका, त्या वेळी त्याला शब्द पोचतच नाहीत. धाकटीला दुसऱ्या खोलीत न्या, फेकण्यासारखं जवळ असेल ते उचला, कमीत कमी बोला. तो शांत झाल्यावर, काही खाऊन-पिऊन झाल्यावर बोला, आणि थोडक्यात. आरडाओरडा केल्यावर मोबाइल मिळायचा तो तुम्ही बंद केलात, की सुरुवातीला ओरडणं वाढेल. उपाय फसला असं वाटून तेव्हा माघार घेऊ नका, तो काळ सरतो. शाबासकी द्याल ती नेमक्या गोष्टीची आणि लगेच द्या : "दप्तर सांगायच्या आधी भरलंस, मला आवडलं." वार्षिक परीक्षेनंतर सायकल देऊ, या वायद्याचा त्याला काही उपयोग नाही. त्याच्यासाठी वार्षिक परीक्षा फार लांब आहे.

नोकरीबद्दल. तुम्ही घरी बसलात तर घरातला एक पगार जाईल, नेमका तपासण्यांचा आणि थेरपीचा खर्च येणार असताना. आणि दिवसातले जे आठ तास तुम्ही कुणाच्या तक्रारी न ऐकता काम करता, तेही जातील. तपासणीसाठी लागेल तेवढी रजा काढा, आणि त्यातल्या निम्म्या खेपा यजमानांनी मारायच्या असं आधीच ठरवा.

ज्या मुलाला पेन्सिल लागली, त्याच्या आईला फोन करा, अजून केला नसेल तर. ग्रुपवर काहीही लिहू नका. खुलासा नको, माफीही नको, तिथे प्रत्येक वाक्याला पाय फुटतात. फोनवर फक्त लागलेल्या हाताची चौकशी करा आणि आम्ही यावर काम करतोय असं सांगा. आपल्या मुलाची अडचण खरी आहे, तशीच त्या मुलाची जखमही खरी आहे. तुमच्या मुलानंही त्याच्यासाठी काहीतरी करावं. 'सॉरी'चं पत्र नको, लिहिणं ही शिक्षा होता कामा नये. सापाचं चित्र चालेल.

औषधाचा विषय निघाला तर घाबरून उठू नका. एडीएचडीचं निदान पक्कं असेल आणि वर्तनाच्या उपायांनी भागत नसेल, तर डॉक्टर मिथाइलफेनिडेटसारखं औषध सुचवू शकतात. सहा वर्षांवरच्या मुलांना ते देतात. ते गुंगीचं औषध नाही. भूक मंदावणं, झोप उशिरा लागणं हे त्याचे नेहमीचे त्रास, म्हणून वजन-उंची, नाडी आणि रक्तदाब यांवर लक्ष ठेवतात. त्यानं बसणं आणि लक्ष देणं सोपं होतं, पण रफार कुठे द्यायचा ते औषध शिकवत नाही. त्याला विशेष शिक्षकच लागतात, आणि हाताची पकड कमजोर असेल तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे हाताच्या हालचालींचा आणि रोजच्या कामांचा सराव करून घेणारे तज्ज्ञ.

"मी मठ्ठ आहे का" याचं उत्तर त्याला अजून मिळालेलं नाही, असं दिसतंय. "छे, काहीतरीच काय" म्हणून ते टाळू नका, त्याला वर्गात रोज उलटा अनुभव येतो. असं काहीसं सांगा : "नाही. तुला सापांचं जितकं माहीत आहे तितकं मलाही नाही. तुला लिहायला मात्र खूप त्रास होतो, आणि तो कशामुळे होतो ते आम्हा मोठ्यांना शोधता आलं नाही. ते शोधणाऱ्या एका मावशींकडे आपण जाणार आहोत. त्या तुला कोडी देतील, वाचायला-लिहायला सांगतील. इंजेक्शन नसतं आणि नापासही करत नाहीत." हे चाचणीच्या दाराशी नको, तीन-चार दिवस आधी सांगा, म्हणजे त्याला विचारायचं ते विचारता येईल.

शाळेत पुन्हा जाल ते दोघं मिळून जा आणि रिपोर्टची वाट बघत थांबू नका. तक्रार ऐकायला बोलावलं म्हणून जाण्यापेक्षा वेळ मागून जा आणि मोजक्या गोष्टी मागा : फळ्यावरचं त्याला छापून किंवा झेरॉक्स करून मिळावं, पुढच्या बाकावर जागा, दोन तासांमध्ये हजेरीपट ऑफिसात नेऊन देण्यासारखं एखादं काम, युनिट टेस्टमध्ये काही उत्तरं तोंडी. यात शाळेचा फारसा खर्च नाही. वर्गशिक्षिकेशी आवाज चढवू नका. एका वर्गात पन्नासेक मुलं सांभाळणाऱ्या बाई आहेत त्या, आणि सहलीनंतर आपणहून फोन करून कौतुक करणाऱ्याही त्याच आहेत. सुरुवात तिथूनच करा. शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्या शेजारी बसून मदत करणारी व्यक्ती, ठेवा असं म्हणाले, तर किती महिने आणि नंतर ती व्यक्ती हळूहळू बाजूला कशी होणार, हे आधी विचारा. नाहीतर वर्षभर तो तिच्याशीच बोलतो आणि बाई तिच्याशीच बोलतात, असं होतं.

"दुसरी शाळा बघा" हे पुन्हा ऐकवलं तर ते लेखी मागा. शिक्षण हक्क कायद्याखाली येणाऱ्या शाळेला आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला काढून टाकता येत नाही, आणि शारीरिक शिक्षा किंवा मानसिक छळ करायलाही त्या कायद्यानं बंदी आहे. हे पहिल्याच भेटीत तोंडावर मारू नका, पण ठाऊक असू द्या. तुमची मागणी पत्रानं द्या, पोच घ्या. तेवढ्यानंही काही हललं नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

आणि सगळं करून तुम्हालाच वाटलं की इथे त्याचा जीव रमत नाही, तर शाळा बदला, पण वर्षाच्या मध्ये नको. मराठी माध्यमाचा विचारही मोकळ्या मनानं करा. लिहिण्यातली अडचण तिथेही राहील, पण ऐकलेलं समजायला सोपं जाईल आणि घरात अभ्यास घेणारी माणसं वाढतील, आजीसकट. नवी शाळा बघायला जाल तेव्हा मैदान आणि कॉम्प्युटर लॅब दाखवतील ते बघा, आणि मग मुख्याध्यापकांना विचारा, "ज्या मुलाला उत्तर येतं पण लिहिता येत नाही, त्याची परीक्षा तुम्ही कशी घेता?" ज्या शाळेनं असं एखादं मूल खरंच शिकवलेलं असेल, तिथे या प्रश्नावर ते तुम्हाला तपशील सांगायला लागतील. तिथला फॉर्म घ्या.

तपासणीत काय निघालं ते कळवा. पुढचं त्याप्रमाणे बोलू.